तोंडी मागितलेल्या गोळीची नोंद कुठेच नसते

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची धाकटी बहीण मारामारीच्या गुन्ह्यात पाच महिन्यांपासून कारागृहात आहे आणि खटला अजून उभा राहिलेला नाही. बहीण जन्माने मुलगा. दोन वर्षांपूर्वी खासगी रुग्णालयात अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून डॉक्टरांनी लिहून दिलेली इस्ट्रॅडिओलची, म्हणजे स्त्री-हार्मोनची, गोळी ती रोज घेत होती. अटक झाली त्या दिवशी गोळी बंद झाली, ती आजपर्यंत बंदच आहे. आत तिने तीनदा विचारलं. उत्तर मिळालं, ‘ही सौंदर्याची कामं जनतेच्या पैशातून होत नाहीत.’ ताई कारागृहात तिच्या भेटीला, म्हणजे मुलाखतीला, गेल्या तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीतून घेऊन गेल्या होत्या, ती गेटवरूनच परत आली. त्यांचे प्रश्न दोन: हा खर्च सरकारने करायला हवा की नाही, आणि बहिणीकडे तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र नाही म्हणून सगळं अडेल का?

अशी पत्रं मला वर्षभर येतात. आणि दुसऱ्या बाजूचीही येतात: आम्ही कर भरतो, आमच्या मुलांना सरकारी दवाखान्यात साधं औषध मिळत नाही, मग कैद्यांचे असले उपचार आमच्या पैशातून का? त्यांनाही उत्तर देणार आहे. पण ताई, आधी तुमचं काम, कारण तुमच्या बाबतीत वेळ संपत चालली आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते एकच गोष्ट शोधण्यासाठी. लेखी अर्ज. तो कुठेच नाही. बहिणीने बराकीच्या हवालदाराला सांगितलं, मग कंपाउंडरला, मग डॉक्टरांना. तुम्ही नगरसेवकांना भेटलात, ओळखीच्या पोलिसाला फोन केलात, गेटवर हात जोडलेत. पाच महिने! या पाच महिन्यांत एका पानावर चार ओळी लिहून त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, असं कुणालाच सुचलं नाही. कठोर बोलते आहे, पण हे मला प्रत्येक पत्रात दिसतं आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. आज कारागृहाच्या कागदांपुरतं बोलायचं तर तुमच्या बहिणीने काहीही मागितलेलं नाही आणि कुणी तिला काहीही नाकारलेलं नाही.

हा कारकुनी बारकावा नाही. सरकारी अधिकाऱ्याने अमुक एक कर्तव्य करावं असा आदेश उच्च न्यायालयाकडून हवा असेल, आमच्या वकिलांच्या भाषेत मँडमस, तर आधी तुम्ही ते मागितलेलं असावं लागतं आणि समोरच्याने नाकारलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या प्रकरणात हे सांगितलं. वाद साखरेच्या दराचा होता, पण नियम आज कैद्याच्या गोळीलाही तसाच लागतो. जिवाचा प्रश्न असेल तर न्यायालय कधी कधी हा आग्रह सोडतं. त्या ‘कधी कधी’वर बहिणीची तब्येत टांगून ठेवू नका.

काही वर्षांपूर्वी असंच एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. घरचे लोक थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करून मोकळे झाले होते, नंतर वकील बदलून माझ्याकडे आले. सुनावणीला खंडपीठाने पहिलाच प्रश्न केला, ‘अधीक्षकांकडे अर्ज केल्याची प्रत कुठे आहे?’ फाइलमध्ये डॉक्टरांची पत्रं होती, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, अर्ज नव्हता. याचिका मागे घ्यावी लागली. परत अर्ज, परत वाट, परत याचिका, यात सात आठवडे गेले आणि तेवढे दिवस ती व्यक्ती रात्र रात्र जागी होती. न्यायालयांच्या तारखांवर माझा राग आहेच, पण ते सात आठवडे तारखांनी खाल्ले नव्हते.

म्हणून क्रम असा. कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज, त्याची प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना. अर्ज शक्यतो बहिणीच्या सहीचा असावा. आत विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक येतात, ते लिहून देतील. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे. तेव्हा ‘वकिलाला पैसे नव्हते’ हे कारण यापुढे नको. दुसरी प्रत तुमच्या सहीने, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. सात दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर ज्या न्यायालयात खटला आहे तिथेच अर्ज द्या. बहीण त्या न्यायालयाच्या हुकमाने आत आहे. तिच्या तब्येतीबद्दल अहवाल मागवून उपचाराचे निर्देश द्यायला त्या न्यायाधीशांना कुणाची आडकाठी नाही. उच्च न्यायालय त्यानंतर.

या अर्जाला जोडायचा कागद तुमच्या घरात आहे. शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आईच्या ट्रंकेत ठेवल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात. ताई, अख्ख्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ ती आहे. त्या कार्डावर काय काढलं, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि डॉक्टरांची सही आहे. अंडकोष काढलेल्या माणसाच्या शरीरात स्वतःचं पुरेसं हार्मोन तयार होत नाही. बाहेरून मिळालं नाही तर आधी अंगातून गरम वाफा, झोप उडणं, मन खचणं सुरू होतं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीच्या त्रासात बायकांना लिहून देतात ती हीच गोळी. ‘सौंदर्याची कामं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर हे कार्ड आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं चार ओळींचं पत्र ठेवलं, की प्रश्न लिंगाचा उरत नाही. चालू असलेला उपचार का थांबवला, एवढाच उरतो.

कैदी आत येतो तेव्हा त्याची वैद्यकीय तपासणी करून नोंद करायची, हे १८९४ च्या कारागृह कायद्यापासून चालत आलेलं आहे. बहिणीच्या त्या नोंदीची नक्कल मागा. बहुधा तिने त्या दिवशी लाजेने किंवा भीतीने काही सांगितलं नसेल. दहा माणसांच्या रांगेत, कपडे उतरवून, कोण सांगेल? तसं असेल तर अर्जात ते सरळ लिहा. लपवलं की सरकारी वकील तेवढंच धरून बसतात.

आणि अर्जात एकच मागणी करा. बंद पडलेली गोळी सुरू करावी आणि त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या हार्मोनतज्ज्ञांकडून तपासणी करावी. तपासणी यासाठी की इतक्या खंडानंतर जुना डोस तसाच चालू करणं बरं नाही, या गोळीतल्या इस्ट्रोजेन हार्मोनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तुम्ही पत्रात लेझरचं, राहिलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचं, वेगळ्या बराकीचं, नाव बदलण्याचंही लिहिलं आहे. यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. वेगळ्या बराकीसाठी स्वतंत्र अर्ज लगेच करा. तृतीयपंथी कैद्यांची सुरक्षितता आणि खासगीपण जपण्याबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये राज्यांना सूचना पाठवल्या आहेत, त्यांचा आधार घ्या. पण सगळं एका अर्जात कोंबलंत तर न्यायाधीशांची नजर सर्वांत मोठ्या मागणीवर जाईल, सरकारी वकील मुदत मागतील आणि गोळी चार तारखा पुढे जाईल.

नवी शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने कारागृहात असताना मिळेल का? या प्रश्नावर मी हात राखून बोलेन. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १५ लिंगबदल शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांच्या सोयी करण्याची, विम्याच्या तरतुदीची जबाबदारी सरकारवर टाकतं. पण त्या कलमात कारागृहाचा शब्द नाही, मुदत नाही. चांगला वकील त्यावर युक्तिवाद उभा करील. तो टिकेल अशी हमी मी देणार नाही, आणि खटला न चाललेल्या कैद्यासाठी तर जामिनावर लक्ष द्या असंच सांगेन. जामीनअर्जात आजारपणाचं कारण घालता येतं, जरूर घाला, मात्र सगळी भिस्त त्यावर नको.

ओळखपत्राचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. औषध मात्र ओळखीच्या पुराव्यावर मागायचंच नाही, डॉक्टरांच्या कागदावर मागायचं. मधुमेहाच्या कैद्याकडे इन्सुलिनसाठी कुणी ओळखपत्र मागत नाही. बाहेर आल्यावर ते काढून घ्या, सरकारी योजनांना लागतं.

आता कर भरणाऱ्यांचं. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. सरकारी दवाखान्यात औषध नसणं हा अन्यायच आहे. पण तो दूर करायचा तर दवाखान्यात औषध आणावं लागेल, कैद्याचं थांबवून ते तिथे पोचत नाही. आणि या पत्रातली बहीण बाहेर होती तेव्हा गोळी स्वतःच्या पैशाने घेत होती. सरकारने तिला कुलपात ठेवलं, कमाई बंद केली, औषधाच्या दुकानाची वाट बंद केली, घरून आणलेली पाकिटं गेटवर परत केली. ज्याने सगळे रस्ते बंद केले त्याच्यावरच औषधाची जबाबदारी येते. तिच्यावर अजून गुन्हाही सिद्ध झालेला नाही. झाला असता तरी शिक्षा कैदेची असते, हाडं झिजवण्याची नसते.

पैसे नाहीत ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बाजूला सारली आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैशाच्या अडचणीमुळे राज्याला वैद्यकीय मदतीची घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही असं बजावलं. प्रकरण तातडीच्या उपचाराचं होतं, त्यामुळे ते आपल्या गोळीला जसंच्या तसं चिकटवू नका. पण ‘जनतेचा पैसा’ एवढंच उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला ते पुरेसं आहे.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून बरेच जण विचारतात, तिथे तर हे बंद केलं ना? तिथलं चित्र एकरंगी नाही. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलं. २०१९ मध्ये एका अपील न्यायालयाने आयडाहोच्या कैद्याला शस्त्रक्रिया द्यायला लावली, त्याच वर्षी दुसऱ्या अपील न्यायालयाने टेक्सासच्या कैद्याला नाकारली. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने केंद्राच्या कारागृहांतला असा खर्च बंद करायला सांगितलं, जूनमध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी तूर्त हार्मोन चालू ठेवायला लावलं. पण मला त्यांच्या १९९६ च्या एका कायद्याकडे बोट दाखवायचं आहे. कारागृहातली तक्रारीची पायरी ठरलेल्या मुदतीत, लेखी पूर्ण केल्याशिवाय तिथल्या कैद्याला केंद्रीय न्यायालयात दाद मागता येत नाही. तिथेही गाडी पहिल्यांदा त्याच कागदाशी अडते.

एक कळकळीची विनंती. ‘ओळखीच्या माणसाकडून गोळ्या आत पाठवू का?’ असं तुम्ही विचारलं आहे. नाही. सापडल्या तर बहिणीवर नवा ठपका येईल, मुलाखती बंद होतील आणि जामिनाच्या वेळी तोच कागद पुढे येईल. औषध आत जाईल ते वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीनेच, आणि ती परवानगीही लेखीच मागा. सरकारकडून गोळी येईपर्यंत आमच्या खर्चाने आणलेली चालू द्या, अशी पर्यायी ओळ अर्जात शेवटी घाला. हक्क सोडत नाही, फक्त खंड थांबवतो आहोत, असं त्यात स्पष्ट लिहा.

न्यायालयात अर्ज गेला की ‘कारागृहाचा अहवाल मागवा’ एवढा हुकूम होऊन पुढची तारीख पडते आणि त्या तारखेला अहवाल आलेला नसतो. म्हणून मागणीतच लिहा की अहवाल सात दिवसांत यावा, आणि त्यात शेवटची गोळी कधी दिली, कोणी थांबवली, कोणत्या वैद्यकीय कारणाने, याचं उत्तर असावं. पुढच्या तारखेला बहिणीला व्हिडिओवर हजर करतील. पडद्यावर ती दोन मिनिटंच दिसेल. तिला आधीच सांगून ठेवा, वकील काही बोलो न बोलो, न्यायाधीशांनी ‘काही सांगायचं आहे?’ असं विचारलं की शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते सांगायचं आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, लिहून घ्यायची विनंती करायची.