अमेरिकेतील विमान कंपनीत वैमानिकांनी राष्ट्रीय युनियन आणावी का? पगार तर युनियनशिवायही वाढला आहे!

तुम्ही लिहिले आहे की अमेरिकेतील एका प्रादेशिक विमान कंपनीत तुम्ही फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहात, कंपनीत वैमानिकांची मान्यताप्राप्त युनियन नाही, व्यवस्थापनाशी बोलणारी एक अंतर्गत संघटना तेवढी आहे आणि सध्या एअर लाइन पायलट्स असोसिएशन या राष्ट्रीय युनियनची, म्हणजेच अल्पाची, ‘ही युनियन आमची प्रतिनिधी असावी’ असे सांगणारी कार्डे सह्यांसाठी फिरत आहेत. युनियन नसतानाही पगार चांगला वाढला, मग उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत वर्गणी कशासाठी भरायची, असे तुमचे सहकारी विचारतात. मी याच देशात दुसऱ्या एका कंपनीत कॅप्टन आहे आणि काही काळ आमच्या करार समितीवर काम केले आहे. माझा कौल आधीच सांगतो: तुमच्या जागी मी असतो तर कार्डावर सही केली असती. मात्र त्याचे कारण पगारवाढ हे नाही.

पगाराबाबत तुमचे सहकारी म्हणतात ते खरेच आहे. कोविडच्या काळात मोठ्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, पुढे प्रवासी परतले तेव्हा वैमानिक कमी पडले आणि २०२२ मध्ये प्रादेशिक कंपन्यांना दर झपाट्याने वाढवावे लागले. जिथे युनियन होती तिथे ते वाढले आणि जिथे नव्हती तिथेही वाढले, कारण न वाढवले असते तर माणसे निघून गेली असती. मात्र बाजाराने दिलेले बाजार परतही घेऊ शकतो. म्हणून खरा प्रश्न हा आहे, की आज तुमच्या हातात जे आहे ते उद्या एकतर्फी बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

इथे कायदा नीट समजून घेतला पाहिजे. रेल्वे लेबर ॲक्ट हा कायदा १९२६ चा. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्याखाली मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार मुदत सरली म्हणून संपत नाही. ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त दुरुस्तीसाठी खुला होतो आणि नवा करार होईपर्यंत, मग त्याला दोन वर्षे लागोत की पाच, जुन्यातील प्रत्येक कलम दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहते. मान्यताप्राप्त प्रतिनिधी नसलेल्या कंपनीत हेच नियम साधारणपणे कंपनीच्या धोरणपुस्तिकेत असतात, आणि पुस्तिका ज्याने लिहिली त्याला ती बदलताही येते. अंतर्गत संघटनेतील मंडळी कितीही प्रामाणिक असोत (आणि बहुतेक असतात, असे मी मानतो), जिचा खर्च कंपनी चालवते ती संघटना व्यवस्थापनाला विनंती करू शकते, बांधून घेऊ शकत नाही.

हे बंधन वैमानिकांवरही तितकेच असते, हे प्रचाराच्या सभांत क्वचितच सांगितले जाते. फेब्रुवारी १९९९ मध्ये रेनो एअर विकत घेण्यावरून वाद पेटला आणि अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकून घरी बसले. न्यायालयाने कामावर येण्याचा आदेश दिला, तो पुरेसा पाळला गेला नाही, आणि त्यांच्या युनियनला सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड झाला. कराराचे संरक्षण घ्यायचे तर त्याची शिस्तही घ्यावी लागते.

आता करारातले एक कलम जवळून पाहू, कारण तासाच्या दरापलीकडे काय असते ते त्याशिवाय कळत नाही. समजा, चार दिवसांची एक ट्रिप आहे. तळापासून तुम्ही एकूण ७७ तास बाहेर आहात आणि त्यात प्रत्यक्ष उड्डाण फक्त १४ तासांचे आहे, बाकीचा वेळ विमानतळावर ताटकळण्यात आणि हॉटेलच्या खोलीत जातो. ट्रिप रिगचे कलम नसेल तर तुम्हाला १४ तासांचे पैसे मिळतील. बाहेर काढलेल्या प्रत्येक साडेतीन तासांमागे एक तासाचे वेतन, असे कलम असेल तर २२ तासांचे मिळतील. आठ तासांचा फरक तर आहेच, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा परिणाम. २२ तासांचे पैसे द्यावेच लागणार, हे कळल्यावर कंपनीचे नियोजन विभाग अशा पोकळ ट्रिप बनवणेच कमी करतात. मग तेच उत्पन्न कमी दिवसांत होते आणि उरलेले दिवस घरी मिळतात. तासाचा दर तोच ठेवून आयुष्य बदलणारी कलमे ही अशी असतात, आणि करारावरील चर्चेत नेमकी तीच सर्वांत कमी वाचली जातात.

कलम लिहिले म्हणजे ते पाळले जाते असे नाही. त्यासाठी तक्रारीची यंत्रणा लागते. आमच्या कंपनीतील एका तरुण फर्स्ट ऑफिसरचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे. ट्रिपच्या शेवटच्या दिवशी विमान गेटवर लागले, पार्किंग ब्रेक लावला आणि कराराप्रमाणे पंधरा मिनिटांनी ती कामातून मोकळी झाली. त्यानंतर ती पार्किंगच्या बसकडे चालली असताना शेड्युलिंगचा, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या विभागाचा, फोन आला, की उद्याच्या सुटीच्या दिवशी आणखी दोन फेऱ्या करायच्या आहेत. मोकळे होण्याआधी संपर्क झाला तरच सुटीत काम लावता येईल, असे आमचे कलम सांगते. तिने ते सांगितले. समोरच्याने ऐकले नाही. आमच्या व्यवसायाचा नियम आहे, आधी उड्डाण, मग तक्रार. हुकूम बेकायदा किंवा असुरक्षित नसेल तर तो पाळायचा आणि नंतर दाद मागायची. तिने तसेच केले. पुढे प्रकरण सिस्टिम बोर्डापुढे गेले. तिथे कंपनीचे आणि युनियनचे प्रतिनिधी समसमान बसतात आणि त्यांच्यात कोंडी झाली तर तटस्थ लवाद निर्णय देतो. ब्रेक लावल्याची वेळ विमानाच्या संगणकाने आपोआप पाठवलेली होती, फोनची वेळ तिच्या मोबाइलमध्ये होती. वाद घालण्यासारखे काही उरलेच नाही. तिला वाढीव वेतन आणि गेलेली सुटी दोन्ही परत मिळाले. धोरणपुस्तिका असती तर हीच तक्रार त्याच शेड्युलिंगच्या वरिष्ठांकडे गेली असती.

वाटाघाटींबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका, त्या संथ असतात आणि कायद्याने त्या मुद्दामच संथ ठेवल्या आहेत. आधी थेट बोलणी, मग नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी मंडळाची मध्यस्थी, मंडळाने हात टेकले तर लवादाचा प्रस्ताव, तो कोणी नाकारला तर ३० दिवसांचा शांतताकाळ, आणि त्यानंतर संपाची मुभा. तिथेही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून संप लांबणीवर टाकू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू होताच काही मिनिटांत बिल क्लिंटन यांनी तेच केले. स्पिरिटचे वैमानिक जून २०१० मध्ये पाच दिवस संपावर गेले होते, पण अशी उदाहरणे विरळाच. पहिल्या करारासाठी तर विशेष धीर लागतो. जेटब्लूच्या वैमानिकांनी २०१४ मध्ये अल्पाला निवडले आणि त्यांचा पहिला करार २०१८ मध्ये मंजूर झाला. ही चार वर्षे तुमच्या सहकाऱ्यांना आजच सांगा, म्हणजे दुसऱ्या वर्षी कोणी फसवणूक झाली असे म्हणणार नाही.

युनियन आणि कंपनी यांच्यात ठरलेला तात्पुरता करार वैमानिकांच्या मतदानाला आला की आणखी एक वाद हमखास उभा राहतो: स्वीकारावा, की नाकारून अधिक मागावे. जे नाकारा म्हणतात ते युनायटेडचे उदाहरण देतात. तिथे २०२२ मध्ये ९४ टक्के वैमानिकांनी करार फेटाळला, दरम्यान मार्च २०२३ मध्ये डेल्टाचा ३४ टक्के वाढीचा करार झाला, आणि त्याच्या आधाराने युनायटेडला त्या वर्षी कितीतरी सरस करार मिळाला. जे सांभाळून घ्या म्हणतात ते फेडएक्सकडे बोट दाखवतात. तिथे जुलै २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी करार नाकारला आणि दोन वर्षे उलटल्यावरही नवा करार हाती आला नव्हता, कारण मालवाहतुकीचा बहर ओसरला होता. माझ्या मते नकाराचे बळ ठरवणाऱ्या गोष्टी दोन: शेजारच्या कंपनीने नुकताच काय करार केला, आणि आपल्या कंपनीला त्या घडीला वैमानिकांची किती निकड आहे. रागाच्या भरात दिलेला नकार यांपैकी काहीच बदलत नाही.

राष्ट्रीय युनियन की स्वतंत्र, हा तुमचा दुसरा प्रश्न. दोन्ही रचना चालतात. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक १९६३ मध्ये अल्पातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. साउथवेस्टचीही संघटना स्वतंत्र आहे. पण तिथे हजारो सदस्यांची वर्गणी आहे, वकील आणि अर्थतज्ज्ञ त्यातूनच ठेवता येतात. प्रादेशिक कंपनीच्या आकारात ते झेपणे कठीण, म्हणून तुमच्यासाठी मला राष्ट्रीय युनियनच योग्य वाटते. तिच्या बाजूने प्रचार करताना तिचा इतिहास मात्र लपवू नका. टीडब्ल्यूए ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली तेव्हा अल्पाने आपल्याच टीडब्ल्यूए सदस्यांचे हित नीट जपले नाही, असा निर्णय ज्युरीने २०११ मध्ये दिला आणि २०१४ मध्ये अल्पाला ५.३ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवावा लागला.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या विलीनीकरणानंतर २००७ मध्ये लवादाने सेवाज्येष्ठतेची जी यादी लावली ती पूर्वीच्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांना मान्य नव्हती. ते बहुसंख्य होते. २००८ मध्ये त्यांनी मतदान करून अल्पाला घालवले आणि नवी युनियन आणली. मग दोन्ही गट न्यायालयात भांडत राहिले आणि अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण होईपर्यंत एकत्रित करार झालाच नाही. दिवाळखोरीच्या काळातल्या तुटपुंज्या दरांवर त्या लोकांनी वर्षानुवर्षे विमाने उडवली. सेवाज्येष्ठता हे आपल्या व्यवसायातले सर्वस्व आहे, कंपनी बदलली की ती शून्यावर येते, त्यामुळे तिच्यावरून माणसे किती टोकाला जातात हे मी समजू शकतो. पण एका निर्णयावरच्या संतापाने युनियन बदलली की त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

आता प्रक्रियेबद्दल. मतदान मागण्यासाठी कंपनीतील किमान निम्म्या वैमानिकांची कार्डे लागतात. निकाल मात्र २०१० पासून प्रत्यक्ष पडलेल्या मतांच्या बहुमताने ठरतो, म्हणजे घरी बसणे हा आता ‘नाही’ म्हणण्याचा मार्ग राहिलेला नाही. विरोध असेल तर तो मत देऊनच नोंदवावा लागेल. हरल्यास एक वर्ष आणि जिंकल्यास दोन वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही, त्यामुळे पुरेशा सह्या नसताना घाई करू नका. निम्म्याच्या बऱ्याच पुढे गेल्यावरच अर्ज करा. कार्डे नॅशनल मीडिएशन बोर्डाकडे जातात आणि कोणी सही केली हे कंपनीला सांगितले जात नाही, ही माहिती संकोच करणाऱ्या सहकाऱ्यांना आवर्जून द्या. आणि कार्डावर सहीबरोबर तारीख स्वतःच्या हातानेच घाला. तारीख नसलेले किंवा एका वर्षाहून जुने कार्ड मोजले जात नाही.