माझा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह आहे आणि मावशीला ओव्हरीचा कॅन्सर होता, बी वाल्यांना धोका जास्त असतो हे खरं का?

ब्लड ग्रुपचं टेन्शन सोडा, मावशीचं मात्र सोडू नका.

मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. ग्रुप काढायचा म्हणजे टाइलवर रक्ताचे तीन थेंब, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगाचं अँटी-डी, काडीने ढवळायचं आणि टाइल हलवत बघायचं. निळ्यात नाही पण पिवळ्यात फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या की बी. लाल पेशींवर कुठली साखर चिकटलीय एवढंच त्यातून कळतं. तुमचं 'पॉझिटिव्ह' त्या तिसऱ्या थेंबाचं, त्याचा जीनच वेगळा, तो विषय सोडून द्या.

आता ही साखर रक्ताबाहेरच्या बऱ्याच पेशींवरही असते, म्हणून कॅन्सरशी काही नातं असेल का हा प्रश्न अगदीच वेडगळ नाहीये. जठराचा कॅन्सर ए ग्रुपमध्ये थोडा जास्त दिसतो हे 1953 सालीच इंग्लंडमध्ये लक्षात आलं होतं. ओव्हरीबद्दल तुम्ही जे वाचलं ते बहुतेक 2011 चं, अमेरिकेतल्या नर्सेसवरचं असणार. सुमारे 49 हजार बायका, त्यात ज्यांच्या रक्तात बी आहे (म्हणजे बी आणि एबी) त्यांना हा कॅन्सर साधारण 40 टक्के जास्त, आणि फॉरवर्ड होणारी बातमी इथेच संपते. पुढच्याच वर्षी बऱ्याच ठिकाणच्या पेशंटचा डेटा एकत्र करून, जीनवरून ग्रुप काढून बघितलं तर बी चा संबंध गायब! उलट ए मध्ये किंचित वाढ, तीही दहा टक्क्यांच्या आत. बरं, ते 40 टक्के खरे धरले तरी हिशोब करा ना, तिकडे आयुष्यात साधारण 90 बायकांत एकीला होतो, म्हणजे 1.1 टक्के, तो वाढून 1.5 होणार. आणि आपल्याकडे तर तिघांत एक जण बी असतो, कुणाकुणाला घाबरवणार?

याच्या शेजारी बीआरसीए ठेवून बघा, म्हणजे आई-वडिलांकडून येणारे ते दोन जीन, जे बिघडले की ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बीआरसीए1 मध्ये बिघाड असेल तर आयुष्यभराचा धोका 40 टक्क्यांच्या आसपास जातो, बीआरसीए2 मध्ये 17 च्या आसपास. मावशी आईची सख्खी बहीण असेल तर प्रश्न खरा तिथे आहे.

माझ्या सासूबाईंचा ग्रुप ओ, मीच काढलेला. त्या एक दिवस म्हणाल्या, अगं परकराची नाडी पुरेना झालीय. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. घरात सगळे म्हणाले गॅस, डॉक्टरांनीही चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आणि मी रोज हॉस्पिटलच्या आवारात जाऊन-येऊन मलाही सुचलं नाही की एक सोनोग्राफी करून टाकू. केली तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं. म्हणून सांगते, असं काही दोन-तीन आठवडे रोज व्हायला लागलं तर सरळ गायनॅककडे जा, ग्रुप कुठलाही असो.

आणि मनानेच लॅबमध्ये जाऊन सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची टेस्ट) करून घेऊ नका प्लीज. ते पाळीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात) वाढतं, पोटाच्या टीबीतही वाढतं, आकडा बघून रडत बसलेल्या बायका आम्ही बघतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायका घेऊन प्रयोग झाला, काहींची दरवर्षी सीए-125, काहींची सोनोग्राफी, आणि 2021 मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू काही कमी झाले नाहीत. पॅप स्मिअरमध्येही ओव्हरीचं कळत नाही, तो गर्भाशयाच्या तोंडासाठी असतो.

तुम्ही एवढंच करा, मावशीची जुनी फाईल मागवा आणि त्यात बायोप्सीचा कागद शोधा. 'हाय ग्रेड सिरस' (ओव्हरीच्या कॅन्सरचा एक प्रकार) असं लिहिलेलं असेल, किंवा घरात अजून कुणाला कमी वयात ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत असतात. मावशी असतील तर टेस्ट आधी त्यांची करायची, त्यांच्यात बिघाड सापडला की मग आईची आणि तुमची, नेमका तोच शोधायला. जाताना आईलाही घेऊन जा, कुणाला काय झालं होतं हे त्यांनाच माहीत असणार.