वाचक विचारतात : काडतुसं पुन्हा भरायची पहिली साधनं

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. .३०८ विंचेस्टरच्या वापरलेल्या पितळी केस (काडतुसांची रिकामी नळकांडी) साठल्या आहेत. कमी खर्चात काय घ्यावं?

उत्तर : सिंगल-स्टेज प्रेस (केस साच्यात दाबणारं, दांडा ओढून चालवायचं यंत्र) घ्या. वेग कमी, पण दर ओढीला एकच काम होतं, त्यामुळे चूक लगेच दिसते. बिडाची जुनी प्रेससुद्धा चालेल, ती सहसा झिजत नाही. उघडलेल्या डब्यातली जुनी पावडर (काडतुसातली दारू) मात्र फुकट मिळाली तरी नको.

सोबत फुल-लेंग्थ डाय-सेट (अख्खी केस मूळ मापात आणणारे साचे), केस धरायला शेल होल्डर, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगीची टोपी) बसवायचं हत्यार आणि केस-ल्यूब (केसला लावायचं वंगण) लागेल. ल्यूब कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, जास्त झालं तर केसच्या खांद्यावर (तोंडाखालच्या उतारावर) पोचा पडतो. रायफलच्या केसला कार्बाइड डाय घेतली तरी ल्यूब चुकत नाही.

काटकसर प्रेसवर करा, वजनकाट्यावर नको. साधा बीम काटा पुरतो. तपासायला प्रमाणित वजनं ठेवा. कॅलिपरही हवाच : साइझिंगनंतर (डायमधून मापात आणल्यावर) केस २.०१५ इंचांपेक्षा लांब भरली तर ट्रिम करून २.००५ वर आणा. नाहीतर चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) केसचं तोंड गोळीवर आवळलं जातं आणि दाब धोकादायक वाढतो.

पावडर किती, हे छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्या आणि किमान मापापासून सुरुवात करा. मित्राची चिठ्ठी चालणार नाही. पावडरचा एकच डबा टेबलावर असू द्या.

भारतातल्या वाचकांसाठी : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.