वाचकांचे प्रश्न : सायकलफेरीसाठी तपासणीचा दाखला?

प्रश्न : जागतिक एड्स दिनी, 1 डिसेंबरला, सोलापूर ते तुळजापूर सायकलफेरी काढून एचआयव्हीबाधित मुलांच्या पोषणासाठी निधी जमवण्याचे आमच्या गटाने ठरवले आहे. फेरीत कोणी बाधित व्यक्ती असल्यास बाटलीतले उष्टे पाणी किंवा पडल्यावर आलेले रक्त यांतून लागण होईल, या भीतीने काहींच्या घरचे सर्वांच्या तपासणीचा दाखला मागत आहेत. तो घ्यावा का? समारोपाला मुलांना व्यासपीठावर बोलवावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करायचे, त्यांच्याकडेच दाखला मागायचा, हे मला तरी विचित्र वाटते. शिवाय 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणाला आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही एड्ससाठी निधी जमवणारी सुमारे 875 किलोमीटरची सायकलफेरी 2002 ते 2025 या काळात निघत असे. तिच्यात ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ हा बाधित सायकलस्वारांचा गट उघडपणे सामील होई, परंतु ते उघड होणे त्यांनी स्वतः निवडलेले असे.

घाम, लाळ, उष्टे पाणी किंवा सायकलची मूठ यांतून एचआयव्ही पसरत नाही, आणि अखंड त्वचेवर पडलेल्या रक्तातूनही नाही. तरीही जखम कोणाचीही असो, हातमोजे घालूनच ती बांधावी, हा नियम सर्वांना सारखाच लावावा. एखाद्याच्या उघड्या जखमेत दुसऱ्याचे रक्त गेलेच, तर ती जागा साबण-पाण्याने धुऊन, शक्य तितक्या लवकर आणि 72 तासांच्या आतच, आपण नुसते ‘सिव्हिल’ म्हणतो त्या सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात जावे. प्रतिबंधक औषधे 28 दिवस घ्यावी लागतात.

खरी काळजी शेवटच्या घाटाची आणि परतीच्या उन्हाची करावी. नियमित औषधे घेणाऱ्या आणि प्रकृती ठीक असलेल्या व्यक्तीला सुमारे 45 किलोमीटर सायकल चालवण्यास एचआयव्ही आड येत नाही; फक्त गोळीची वेळ चुकू नये, आणि उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांचे म्हणाल, तर व्यासपीठावरचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत त्यांच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पोचलेले असेल. निधी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर थेट जमा करावा आणि पावत्या तिच्याच नावाने द्याव्यात. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नसल्याने मोठ्या देणगीदारांकडून धनादेशच घ्यावा.