आयसीयूमध्ये रुग्णाचे हात पलंगाला बांधणे योग्य आहे का? सुरक्षित साधन कोणते?

नाशिकमधील एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असलेल्या तुमच्या वडिलांची दोन्ही मनगटे गॉजच्या पट्टीने पलंगाला बांधलेली दिसली आणि तुम्ही अस्वस्थ झालात, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. मी याच शहरात आयसीयूमध्ये परिचारिका आहे. माझ्या मते थोड्या काळासाठी, कारण लिहून ठेवून आणि घरच्यांना सांगून हात बांधणे काही वेळा अपरिहार्य असते. गॉजची पट्टी मात्र वापरू नये.

श्वासनलिकेतील नळीच्या टोकाशी हवा भरलेला फुगा असतो. गोंधळलेल्या रुग्णाने ती नळी तशीच ओढून काढली, तर स्वरयंत्राला इजा होते आणि काही मिनिटांत ऑक्सिजनची पातळी घसरू शकते. भीती खरी आहे. तरीही हात बांधलेले असताना नळी काढणारे रुग्णही थोडे नसतात, म्हणून बांधले की देखरेख संपली असे कोणी समजू नये.

गॉज अरुंद असते आणि रुग्णाने हिसका दिला की ते आवळत जाऊन त्वचा सोलते. त्याऐवजी आतून मऊ अस्तर असलेला रुंद मनगटपट्टा वापरावा, मनगट आणि पट्टा यांत दोन बोटे सहज जावीत आणि त्याचे टोक कठड्याला न बांधता पलंगाच्या चौकटीला, तीही डोक्याकडच्या बाजूबरोबर वर-खाली होणारी, बांधावे. कारण कठडा खाली केला की हात ओढला जातो. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. बोटांचा रंग आणि ऊब वारंवार पाहावी लागते आणि किमान दर दोन तासांनी पट्टा सोडून हात हलवावे लागतात. अनेकदा जाड गादीचे, बोटांची पकड होऊ न देणारे हातमोजे पुरतात आणि हात मोकळा राहतो. छातीवरचा पट्टा मी टाळते. रुग्ण खाली घसरला की तो गळ्याशी येतो.

खरा प्रश्न रुग्ण का गोंधळला, हा आहे. वेदना, ताप, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप, काढून ठेवलेला चष्मा किंवा श्रवणयंत्र, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. रोज दारू घेणारा माणूस दाखल झाला, की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम सुरू होऊ शकतो. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. त्यांना जीव वाचवण्यासाठी द्यावे लागणारे ॲट्रोपिन जास्त झाले, तर ते हवेत काहीतरी पकडू लागतात आणि कपडे चाचपतात. अशा वेळी पट्टा घट्ट करण्यापेक्षा औषधाची मात्रा तपासणे महत्त्वाचे. नातेवाइकांना दाराबाहेर ठेवण्याचा नियमही मला इथे आडमुठा वाटतो, कारण ओळखीचा आवाज जवळ असला की कित्येक रुग्ण शांत होतात.

मानसिक आरोग्याच्या संस्थांपुरता कायदा स्पष्ट आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने साखळी आणि एकांतकोठडी यांवर बंदी घातली; तात्काळ इजेचा धोका टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद ठेवून, रुग्णाला बांधता येते. सर्वसाधारण आयसीयूनेही हीच शिस्त पाळावी, असे मला वाटते.

उद्या भेटीच्या वेळी डॉक्टरांना विचारा: बांधण्याचे कारण केसपेपरवर लिहिले आहे का, शेवटचे कधी सोडले होते, हातमोजे वापरून पाहिले का, आणि भ्रमाचे कारण शोधण्यासाठी कोणत्या तपासण्या केल्या.