थिजलेलं खोबरेल आणि रिपोर्टातलं लिपिड

प्रश्न : ताई, आमच्याकडे नाशिकला डिसेंबर लागला की खोबरेलची बाटली सकाळी दगड झालेली असते, उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही. शेंगदाण्याचं तेल त्याच फळीवर असतं पण पातळच. शेजारच्या काकू म्हणतात थिजतं तेच शुद्ध, दुसऱ्यात भेसळ असणार. खरंय का हे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, शेंगदाणा तेलावर उगाच आळ आलाय. थोडं तेल वाटीत घेऊन एक रात्र फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी तेही गढूळ, दाटसर झालेलं दिसेल. थिजायचं दोघांनाही आहे, फक्त खोबरेल साधारण 24 अंशालाच थिजतं आणि शेंगदाणा तेलाला त्याच्यापेक्षा खूपच जास्त थंडी लागते.

आता असं का ते बघा. तूप असो, तेल असो, बांधणी एकच, ग्लिसरॉलचा एक छोटा रेणू आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या 3 लांब शेपट्या, यालाच ट्रायग्लिसराइड म्हणतात. सगळा फरक या शेपट्यांत आहे. खराट्याच्या सरळ काड्या मुठीत घेतल्या तर एकमेकींना चिकटून गच्च बसतात ना, पण त्याच काड्या मधोमध वाकवून घेतल्या की मधे फटीच फटी राहतात आणि जुडी काही घट्ट होत नाही. सॅच्युरेटेड शेपटी म्हणजे सरळ काडी. अनसॅच्युरेटेड शेपटीत कार्बनची एखादी जोडी डबल बाँडने जोडलेली असते आणि तिथे ती वाकते. स्टीअरिक आणि ओलेइक ॲसिड, दोघांतही 18 कार्बन, पण सरळ स्टीअरिक वितळायला 69 अंश लागतात आणि एका ठिकाणी वाकलेलं ओलेइक 13 अंशालाच वितळतं! मला तर हे दरवर्षी वर्गात सांगताना अजूनही भारी वाटतं.

खोबरेलात 90 टक्क्यांच्या आसपास शेपट्या सरळ, शेंगदाणा तेलात 80 टक्क्यांच्या आसपास वाकड्या. मग खोबरेल उन्हाळ्यात तरी पातळ का होतं, तर त्यातल्या जवळजवळ निम्म्या शेपट्या लॉरिक ॲसिडच्या, 12 कार्बनच्या, म्हणजे आखूड, आणि आखूड काड्यांची एकमेकींवरची पकड कमीच. कोकणातलं मुठेल आठवा, कोकमाच्या बियांचं, टाचांच्या भेगांना लावतात ते. त्यात ओलेइक बऱ्यापैकी असूनही स्टीअरिकच्या लांब सरळ शेपट्या जास्त, म्हणून मे महिन्यातसुद्धा मुठीतला गोळा गोळाच राहतो आणि टाचेवर चोळला की मग अंगाच्या उबेने मऊ होतो.

वनस्पती तुपात माणसाने हेच मुद्दाम केलं, निकेल वापरून पातळ तेलात हायड्रोजन घातला की वाकड्या शेपट्या सरळ होतात आणि तेल घट्ट होतं. पण काम अर्धवट राहिलं तर काही शेपट्यांत डबल बाँड तसाच राहतो, फक्त उलट बाजूला वळतो आणि शेपटी जवळपास सरळ होते, हेच ते ट्रान्स फॅट. हृदयाला ते घातकच, म्हणून आपल्याकडे 2022 पासून तेला-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के केलीय आणि ते फार बरं झालं.

राहिली शुद्धता. कडक थंडीतही खोबरेल अजिबात थिजलं नाही तर शंका घ्यायला जागा आहे, पण थिजलं म्हणून शुद्धच असं मात्र नाही, कारण पाम कर्नल तेल मिसळलं तरी ते थिजतंच.

प्रश्न : माझ्या लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल असं दोन्ही लिहिलंय. दोन्ही फॅटच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आकडे काय सांगतात ते डॉक्टरांनाच विचारा, मी रेणूंपुरतं सांगते. ट्रायग्लिसराइड म्हणजे वर सांगितलं तेच, साठवणीचं तेल. कोलेस्टेरॉलचा आकार अगदी वेगळा, कार्बनची 4 कडी एकमेकांना जोडलेली. पाण्यात विरघळत नाहीत हे दोघांचं साम्य, म्हणून दोघंही लिपिड.

तिसरा भाऊ फॉस्फोलिपिड, याला 2 शेपट्या आणि पाणी आवडणारं एक डोकं. पाण्यात सोडलं की डोकी बाहेर, शेपट्या आत अशी दुहेरी चादर आपोआप तयार होते आणि आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण हेच. 1925 साली हॉलंडमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतलं लिपिड काढून पाण्यावर पसरवलं तर ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरलं, त्यावरून थर 2 आहेत हे त्यांनी ओळखलं. कोलेस्टेरॉल या शेपट्यांमधे शिरून बसतं, उष्णतेत चादर फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत ती खोबरेलसारखी थिजू देत नाही. थंड समुद्रातले मासे त्यासाठी वाकड्या शेपट्याही भरपूर ठेवतात, म्हणूनच कॉड लिव्हर ऑइलची बाटली फ्रीजमध्येही पातळ राहते.