वाचक विचारतात : बस आली, गाडी गेली

प्रश्न : राहते सांगलीत, नोकरी कोल्हापुरात. सकाळच्या सिटी बसची वेळ नुकतीच पुढे ढकलली. आता मिरजेत पोचते तेव्हा पॅसेंजर फलाट सोडत असते. रोज रिक्षा कशी परवडणार?

उत्तर : ताई, आधी सांगली स्टेशनचं वेळापत्रक बघा. साताऱ्याकडून कोल्हापूरला जाणाऱ्या काही गाड्या तिथेही थांबतात. पण लांबून येणाऱ्या गाडीचा भरवसा कमीच. मिरजेतून सुटणारीच बरी (मीही तीच धरेन). म्हणून बसचा पिच्छा सोडू नका. कंडक्टरशी भांडून उपयोग नाही, वेळा तो ठरवत नाही. पासवाल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या. ‘गैरसोय होते’ एवढंच नको, गाडी सुटण्याची वेळ लिहा. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.